ऑफिसचा कलर प्रिंटर: खोका फोडण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आमचं ऑफिस. माणसं अकरा. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?" या प्रश्नाला मी "थोडंफार" म्हणाले आणि नवा कलर प्रिंटर माझ्या गळ्यात पडला. तोवर माझा प्रिंटरशी संबंध कंट्रोल-पी दाबण्यापुरता होता. पुढच्या दीड वर्षात जे शिकले ते चुका करून, इंजिनिअरची वाट बघत आणि टोनरने, म्हणजे छपाईच्या पुडीने, हात काळेनिळे करून. तुमच्या वाट्याला हे काम नुकतंच आलं असेल तर त्यातलं निम्मं तरी टळावं म्हणून हे लिहिते आहे.

मशीन खरोखर बिघडलंय असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा दोष कागदाचा, नेटवर्कवरच्या पत्त्याचा, नाहीतर कुठल्यातरी सेटिंगचा असतो. शिव्या मात्र मशीन खातं.

हे सगळं ए-फोर कलर लेझर मल्टिफंक्शन मशीनबद्दल आहे. म्हणजे प्रिंट, कॉपी, स्कॅन एकत्र आणि आत चार टोनर: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. इंक टँकवाल्यांनी कागद, नेटवर्क आणि स्कॅन हे भाग तसेच वाचावेत. फक्त त्यांच्यासाठी असलेली सूचना सातव्या पायरीच्या शेवटी आहे.

आधी हाताशी काय काय हवं

- कंपनीचा जीएसटी नंबर आणि मशीनचा सीरियल नंबर असलेलं बिल. जीएसटी नंबर नसला तर इनपुट क्रेडिटसाठी अकाउंट्सवाले तुमच्या मागे लागतील.
- वॉरंटी कार्ड आणि इन्स्टॉलेशन रिपोर्ट, म्हणजे इंजिनिअर सही घेऊन जातो तो कागद. त्याची तुमची प्रत मागूनच घ्या.
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. वायफायचा नव्हे, राउटरच्या आत शिरायचा. तो इंटरनेट लावणाऱ्या मुलाकडे असतो आणि तो मुलगा नेमका फोन उचलत नाही, तेव्हा आधीच मागून ठेवा.
- लॅन केबल, जागेपेक्षा दोन मीटर जास्त लांबीची. यूएसबी केबलही घ्या, खोक्यात असेलच असं नाही. दोन्ही लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.
- टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, धागे न सुटणारं सुती फडकं.

१. जागा आणि प्लग

ए-फोर कलर लेझर मशीनही वीस-पंचवीस किलोच्या घरात सहज जातं. डिलिव्हरीवाले खोका गेटवर टेकवून निघायच्या घाईत असतात, म्हणून मजल्यापर्यंत आणून देणार का हे ऑर्डर देतानाच विचारा. उचलायला दोन माणसं लागतात. टेबल हलणारं नको. मागे आणि बाजूला वीतभर मोकळी जागा ठेवा, कारण अडकलेला कागद काढायला मागचं झाकण पूर्ण उघडावं लागतं. खिडकीखाली ठेवू नका. आमचं पहिले दोन महिने खिडकीखालीच होतं, मग जूनमध्ये वळवाच्या सरीनेच आम्हाला जागा बदलायला लावली.

प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. आत टोनर वितळवून कागदावर बसवणारा फ्यूझर असतो, तो दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि तापताना एकदम भरपूर वीज ओढतो. त्यामुळे लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नये. लावलात तर प्रत्येक प्रिंटला यूपीएस किंचाळेल आणि एक दिवस शेजारचा कॉम्प्युटर बंद पडेल. जुन्या गाळ्यांचं वायरिंग बेताचंच असतं. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर प्रिंटर, चहाची किटली आणि चार्जर असले तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, प्रिंटर नंतर.

२. खोका उघडताना

आत-बाहेर रंगीत टेपच्या पट्ट्या असतात. झाकणं उघडून त्या एकूण एक काढा. एखादी आत राहिली की पहिल्याच दिवशी 'मशीन डिफेक्टिव्ह' असा गाजावाजा होतो. ड्रमचा, म्हणजे पानाचं चित्र आधी ज्यावर उमटतं त्या नळकांड्याचा, चकचकीत निळा-हिरवा पृष्ठभाग बोटाने शिवू नका आणि उजेडात उघडा ठेवू नका. बाहेर ठेवायची वेळ आलीच तर वर जाड कागद झाका.

सोबत आलेले टोनर बहुधा 'स्टार्टर' असतात, म्हणजे अर्धेमुर्धे भरलेले. 'महिन्याभरातच कसा संपला?' असं साहेब विचारणार आहेत, त्यांना आजच सांगून ठेवा. खोका पंधरा दिवस फेकू नका. सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा. तो मशीनच्या मागे असतो आणि मशीन भिंतीला लागलं की दिसत नाही.

३. कागद

या विषयावर ऑफिसात कुणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वात जास्त त्रास याचाच.

रोजच्या कामाला ७५ किंवा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. रिमच्या वेष्टनावर बाण असतो, तो 'या बाजूवर आधी छापा' असं सांगतो. भरण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून घ्या आणि टेबलावर आपटून कडा जुळवा. ट्रेच्या आतले खटके कागदाला हलके टेकले पाहिजेत. सैल राहिले तर पान तिरकं जातं, आवळले तर कागद मध्ये फुगतो.

आता मुंबईचा भाग. जुलैत इथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. दिवसभर एसी चालतो, रात्री बंद, आणि शनिवार-रविवार ट्रेमधला कागद ती हवा पीत बसतो. सोमवारी सकाळी तेच कागद फ्यूझरमधून गेले की ओल वाफ होऊन निघते आणि पान भाजलेल्या पापडासारखं वळून बाहेर येतं. दोन-दोन पानं चिकटून जातात, रंग जागोजागी फिका उतरतो. आमच्याकडे सलग तीन सोमवार हे झालं. इंजिनिअरने रोलर पुसले, मी ड्रम बदलायचं कोटेशन मागवलं. शेवटी आमचे शिपाईमामा म्हणाले, "ताई, नवीन रिम फोडून बघू का?" फोडली. पहिलं पान सरळ, दुसरं सरळ, पन्नास पानं निमूट बाहेर आली. कोटेशन मी फाडून टाकलं.

तेव्हापासून पावसाळ्यात ट्रेमध्ये शंभर-दीडशेच पानं भरायची. उरलेली रिम वेष्टनात परत गुंडाळून, रबर लावून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. जमिनीवर कधीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी ट्रे रिकामा.

लेटरहेडचा कागद जाड असतो. तो घालताना मशीनवर कागदाचा प्रकार 'हेवी' किंवा 'थिक' करा, नाहीतर टोनर नीट वितळत नाही आणि नखाने खरवडला की निघतो. ऑफसेटवर लेटरहेड छापून घेताना छापखान्यात सांगा की हे लेझर प्रिंटरमधून जाणार आहे, म्हणजे ते उष्णता सोसणारी शाई वापरतील. इंकजेटचा चकचकीत फोटोपेपर किंवा साधी प्लास्टिकची शीट लेझरमध्ये घालू नका. तिचा लेप फ्यूझरवर वितळून चिकटतो, आणि फ्यूझर हा मशीनमधल्या महागड्या भागांपैकी एक.

आणखी एक खोडी. मशीन अचानक थांबतं आणि पडद्यावर 'लोड लेटर' येतं. कागद तर भरलेला. फाइलमध्ये पानाचा आकार अमेरिकन लेटर असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि आपला ए-फोर २१० बाय २९७. फाइलचा आकार ए-फोर करा, ड्रायव्हरमध्येही ए-फोर हाच डिफॉल्ट ठेवा.

४. नेटवर्क: पत्ता पक्का करा

शक्य असेल तर वायफाय नको, लॅन केबलच लावा. वायफायच हवं असेल तर बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडतात हे लक्षात असू द्या. गेस्ट वायफायवर जोडलात तर कॉम्प्युटरना तो बहुधा दिसणारच नाही.

राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. आज प्रिंटर १९२.१६८.१.२३ वर आहे, वीज जाऊन आली की १९२.१६८.१.३१ वर. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर थाप मारत बसतो आणि 'प्रिंटर ऑफलाइन' म्हणतो. उपाय असा:

- प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्क रिपोर्ट छापा. त्यावर आयपी आणि मॅक (उपकरणाचा स्वतःचा, न बदलणारा) असे दोन्ही पत्ते असतात. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल तपासा.
- राउटरमध्ये शिरून 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' शोधा आणि त्या मॅक पत्त्याला एक आयपी कायमचा बांधून द्या.
- विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेला निवडू नका. 'मॅन्युअली' जोडा, 'टीसीपी/आयपी' निवडा आणि तोच आयपी टाका. आपोआप जोडलेला प्रिंटर पुष्कळदा 'डब्ल्यूएसडी' नावाच्या पोर्टवर बसतो आणि मनात येईल तेव्हा ऑफलाइन होतो.
- तरीही चालू प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जाऊन 'एसएनएमपी स्टेटस'ची खूण काढा.

मी इथे एक आडवळणाची चूक केली होती. राउटरमध्ये आयपी बांधण्याऐवजी तो प्रिंटरच्या मेन्यूतच हाताने भरला. वर्षभर छान चाललं. मग ऑफिसने इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला, त्याचे पत्ते १९२.१६८.२९ ने सुरू होणारे. सगळे कॉम्प्युटर नव्या वाडीत राहायला गेले, प्रिंटर एकटा जुन्या वाडीत. इंटरनेट चालू, लाइट चालू, प्रिंट शून्य. नेटवर्क रिपोर्टचं पान छापलं तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. ते पान छापायचं सुचायला चार तास गेले.

प्रिंटरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं स्वतःचं पान उघडतं. तिथला अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

५. ड्रायव्हर, आणि रंगाला लगाम

ड्रायव्हर सीडीवरून नको, कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच उतरवा. सर्चमध्ये वर येणाऱ्या 'फ्री ड्रायव्हर' साइट्सच्या वाटेला जाऊ नका.

प्रत्येक कॉम्प्युटरवर डिफॉल्ट 'ब्लॅक अँड व्हाइट' करा, शिवाय दोन्ही बाजूंनी छपाई. रंग ज्याला हवा त्याने निवडून घ्यावा. मशीन भाड्याचं असेल तर हे आजच करा. भाड्याच्या मशीनला काळ्या आणि रंगीत पानांचे मीटर वेगळे असतात आणि रंगीत पानाचा दर कितीतरी पट. 'ऑटो कलर'वर ठेवलं तर काळ्या मजकुरात एक निळी लिंक असली तरी पान रंगीत मोजलं जातं. आमच्या पहिल्या महिन्याच्या बिलात रंगीत पानांचा आकडा बघून अकाउंट्सच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. रंगीत पोस्टर कुणीच काढलं नव्हतं. सगळे जण ईमेल छापत होते, आणि प्रत्येक ईमेलखाली निळा वेबपत्ता.

६. मराठी मजकूर नीट छापायचा तर

पडद्यावर मराठी सुरेख दिसतं आणि कागदावर मात्रा उडालेल्या, जोडाक्षरं फुटलेली, नाहीतर नुसते चौकोन. अशा वेळी मशीन निर्दोष असतं.

पीडीएफ असेल तर प्रिंटच्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट अ‍ॅज इमेज' करा. पान चित्र म्हणून जातं, अक्षरं हलत नाहीत, वेळ थोडा जास्त लागतो. नेहमीच असं होत असेल तर ड्रायव्हर बदलून बघा. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरला पान समजावून सांगायच्या दोन भाषा, ड्रायव्हर त्यांच्यापैकी एकीचा असतो. पीसीएल असेल तर पोस्टस्क्रिप्ट, पोस्टस्क्रिप्ट असेल तर पीसीएल.

वर्ड फाइल उघडल्यावर पडद्यावरच इंग्रजी अक्षरांचा काला दिसत असेल तर ती श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. आपण स्वतः टाइप करताना युनिकोडच वापरा, मंगल किंवा निर्मला चालेल.

७. स्कॅन

स्कॅन थेट फोल्डरमध्ये यावा असं सगळ्यांना वाटतं आणि इथेच सगळे अडकतात. कॉम्प्युटरवर 'स्कॅन' नावाचा वेगळा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर त्याच्याशी शेअर करा आणि प्रिंटरमध्ये तीच नाव-पासवर्डाची जोडी भरा. लॉगिनचा चार आकडी पिन म्हणजे पासवर्ड नव्हे, तो इथे चालत नाही. मशीन जुनं असेल तर ते 'एसएमबी'ची, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करायच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती मागतं, जी २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये सहसा येत नाही. सुरक्षेसाठीच ती काढली आहे, तेव्हा मुद्दाम चालू करण्यापेक्षा स्कॅन ईमेलवर पाठवा.

ईमेलसाठी जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, तो मार्ग गूगलने मे २०२२ अखेर बंद केला. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, मग सोळा अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' काढा आणि तो प्रिंटरमध्ये भरा. पोर्ट ५८७, टीएलएस चालू. पुढे कुणी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो आणि स्कॅन गुपचूप बंद पडतं.

इंक टँकवाल्यांची सूचना: मशीन नेहमी त्याच्या स्वतःच्या बटनाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटनाने बंद केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, नाहीतर शाई वाळते. आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान काढा. 'हेड क्लीनिंग' दोन-तीनदाच करा, दर वेळी त्यात शाई जाते.

८. बिघडलं, आता काय?

सगळ्यात आधी मशीनच्याच मेन्यूतून कॉन्फिगरेशनचं किंवा रंगांचं पान छापा, कॉम्प्युटरला हात न लावता. ते पान स्वच्छ आलं तर मशीन ठीक आहे, घोळ कॉम्प्युटर किंवा नेटवर्कमध्ये आहे. ते पानच खराब आलं तर ड्रायव्हर काढून परत टाकण्यात दुपार घालवू नका.

*प्रिंट रांगेत अडकली, डिलीट होत नाही.* 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा, त्या फोल्डरमधल्या फाइल्स पुसा. फोल्डर पुसू नका. स्पूलर पुन्हा सुरू करा.

*रंग चुकीचे.* हिरवा लोगो पिवळा आला तर सायन उतरत नाही. हिरव्याचा निळसर झाला किंवा लाल गुलाबी झाला तर पिवळा. अक्षरांच्या कडेला रंगाची सावली दिसत असेल तर रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत, मेन्यूतून कॅलिब्रेशन करा.

*ठरावीक अंतरावर तोच डाग.* पट्टी घ्या, दोन डागांमधलं अंतर मोजा. ज्या रोलरचा घेर तेवढा, तो दोषी. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर साधारण ९४ मिलिमीटर येतो. तुमच्या मॉडेलचे आकडे बहुधा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. हे अंतर फोनवर सांगितलं की इंजिनिअरचा आवाजच बदलतो.

*उभी रेघ फक्त वरच्या फीडरमधून (जो पानं आपोआप आत ओढतो) कॉपी काढताना.* मोठ्या काचेशेजारी एक अरुंद काचेची पट्टी असते. तिच्यावर करेक्शन फ्लुइडचा ठिपका किंवा स्टेपलचा ओरखडा असणार. ठिपका असेल तर किंचित ओल्या फडक्याने पुसा. आमच्याकडे याच रेघेसाठी टोनर बदलला गेला होता, पूर्ण भरलेला.

*कागद अडकला.* मशीन बंद करा, फ्यूझर निवू द्या. कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. फाटलाच तर तुकडे टेबलावर जोडून पान पुरं होतंय का बघा. कोपरा कमी असला तर तो अजून आत आहे आणि पुढचं पान तिथेच अडणार. टॉर्च यासाठीच.

*टोनर सांडला.* कोरड्या फडक्याने टिपा, हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो चिकटतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पूड इतकी बारीक असते की फिल्टरमधून निघून खोलीभर होते.

९. टोनर आणि करार

टोनरच्या खोक्यावरचा पानांचा आकडा दर रंगाचा पानावर पाच टक्के भाग धरून काढलेला असतो. पानभर रंगीत फोटो छापणाऱ्याने तो विसरावा. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला, टोनर वॉरंटीच्या काळात टाळा, नंतर तुमची मर्जी. मात्र फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, आपोआप अपडेट होत असेल तर काही मशीन एका रात्रीत त्याला नकार देतात.

एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घेताना तीन प्रश्न लेखी विचारा. ड्रम आणि फ्यूझर धरलेत की फक्त मजुरी? किती तासांत माणूस येईल? रेल्वे तुंबली तर काय? तिसरा प्रश्न ऐकून समोरचे हसतात, पण मागच्या पावसाळ्यात आमचा इंजिनिअर कुर्ल्याला अडकला होता आणि बॅकअप मशीनचं कलम करारात नव्हतं.

फोन लावण्याआधी सीरियल नंबर, मीटरचं रीडिंग, पडद्यावरचा एरर कोड आणि खराब पानाचा फोटो जवळ ठेवा. इंजिनिअर आला की शेजारी उभं राहा, तो झाकणं कुठल्या क्रमाने उघडतो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.